दारासमोरच्या भिंतीवरचे अप्पा

लातुरात माझा स्वतःचा स्टुडिओ आहे, भाड्याच्या कॅमेऱ्यापासून उभा केलेला. तरी उदगीरला माझ्या थोरल्या बहिणीच्या बैठकीत आमचे वडील टांगलेत ते दुसऱ्याच्या हातचे. हे मला अजून पचलेलं नाही.

अप्पा आडतीवर हमाल होते. त्यांचा एकच जुना काळा-पांढरा फोटो आहे, खांद्यावर पोतं असलेला. तो मोठा करून पहिल्यांदा मीच छापला. व्यापाऱ्याशी तासभर घासाघीस करून जाड, चकचकीत ग्लॉसी कागद मिळवला. आमच्याकडचं गिऱ्हाईक आधी चमकच बघतं. काळा रंग असा खोल उतरला की काच लावून ती चमक झाकायलाही मन झालं नाही. अक्कानं तो दारासमोरच्या भिंतीवर लावला.

वर्षभरानं गेलो तर खिळ्यावर दुसराच फोटो. माझा कुठे गेला म्हणून विचारलं, तर भाकरी थापता थापता अक्का म्हणाली, "तुझ्या फोटोच्या चमकीत दार अन् दारातला ऑटोच दिसायलंय रे. सकाळी अप्पाला हात जोडावं का ऑटोला?"

नवा फोटो अक्कानं नांदेडहून छापून घेतला होता. छापणारा माझ्याच बरोबर, एकाच उस्तादाकडं शिकलेला. त्यानंही काच लावली नव्हती, पण कागद मॅट होता. कुठूनही बघा, अप्पाच दिसत. पोत्याचा ताग धागा न् धागा मोजून घ्यावा असा. माझा फोटो मी पलंगाखालून काढून दारात धरला. उजेडात त्याच्या करड्या रंगावर हिरवट झाक होती. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ती मला कधी दिसलीच नव्हती.

दुसऱ्या कामाचं निमित्त काढून मी नांदेडला गेलो. त्याच्या भिंतीवर एकच चेहरा पाच तऱ्हेच्या कागदांवर छापून टांगलेला. कागद कुठला, असं विचारलं. मी असतो तर सांगितलं नसतं. त्यानं कागदाचं पाकीटच माझ्या हातात दिलं, त्यामुळं माझं डोकं जास्तच फिरलं.

"कागदात काही नाही," तो म्हणाला. "मी आधी उदगीरला जाऊन भिंत बघून आलो. अक्कांच्या घरात दुपारपर्यंत दारातून ऊन येतं."

माझ्या बहिणीचं घर. इतकी वर्षं जातोय, ऊन कुठून येतं ते मला ठाऊक नव्हतं आणि हा मला सांगत होता.

तोच कागद आणून मी छापला. पहिली प्रत राखेसारखी आली, कारण प्रिंटरवर ग्लॉसीचीच सेटिंग राहिली होती. तिसरी जमली. त्याच्यापेक्षा काकणभर सरसच, हे मी आजही म्हणतो.

अक्कानं दोन्ही फोटो दारात नेऊन निरखून पाहिले. तुझाबी चांगला हाय, म्हणाली. मग बदल, म्हणालो मी.

"आता ह्याची सवय झाली बघ. तुझा आतल्या खोलीत लावते."

आतल्या खोलीला खिडकी नाही. मी आवाज चढवला, शेजारीण डोकावून गेली. अक्कानं शांतपणे आत जाऊन खिळा ठोकला.

आता उदगीरला गेलो की मी त्या भिंतीकडं पाठ करून बसतो. अक्का चहाचा कप मुद्दाम माझ्या मागच्या स्टुलावर ठेवते.