बसून केलेला नाच

पंक्चरच्या दुकानात सोल्यूशनचा वास आला की मला आमची टीव्हीला जोडून खेळायची डान्स मॅट आठवते. तिचा डावा बाण पायानं कितीही दाबला तरी लागत नव्हता. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, मॅट उसवली, आतली तुटलेली पट्टी जोडली आणि वरचं रेक्झिन सोल्यूशननं चिकटवलं. मग तपासायला म्हणून गाणं लावून, खुर्ची ओढून ते बसले आणि पडद्यावरच्या बाणांबरोबर नुसते पाय चालवू लागले. एकही बाण चुकला नाही.

खेळायला आलेल्या माझ्या मैत्रिणी हसायला लागल्या.

"अप्पा, उभं राहून नाचायचं असतंय की!" मी ओशाळून म्हणाले.

"व्हय की," म्हणत ते लगेच उठून बाजूला झाले.

त्यांचा हातमाग विकून तेव्हा वर्षच झालं होतं. चादरी विणताना ते असेच बसून पायांनी पावड्या दाबायचे.

मी निदान गाणं तरी संपू द्यायचं होतं.