भारतीचं हिमोग्लोबिन

रक्ताचे नमुने संध्याकाळी टाकून द्यावे लागतात, किस्से मात्र साठतच जातात. नव्वदच्या दशकात भाईंदर पश्चिमेला माझी छोटीशी लॅब होती. तिथले निम्मे किस्से एकट्या भारतीचे.

भारती म्हणजे जवळच्या मोरवा गावातल्या मासळीवाल्या हिराबाईंची दहा वर्षांची पोरगी. आईनं तिला स्वतःची किडनी दिली होती. किडनी झकास चालली, पण पोरीचं रक्त काही वाढेना. हिमोग्लोबिन सात. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, "दहा झालं की शाळा." पोरीला शाळेची एवढी ओढ की सुई बघून दुसरी मुलं पळायची, ही स्वतःहून बोट पुढे करायची.

*

तेव्हा आम्ही नळीत रक्त घेऊन थेंब थेंब पाणी घालायचो. रंग शेजारच्या तपकिरी काचेशी जुळला की पाण्याची पातळी नळीवर जिथे, तो हिमोग्लोबिनचा आकडा. भारतीनं दोनदा बघितलं आणि तिसऱ्यांदा हळूच म्हणाली, "काका, अजून चार थेंब घाला ना. कोनाला कलनार हाय?"

मला हसू आवरेना. अशी हुशार पोरगी घरी बसलीय याचं वाईटही वाटलं.

*

सगळा पाडा तिला खायला आणून द्यायचा. कुणी कलेजी, कुणी बीट, शेजारच्या गुजराती बेन तर गूळ-चणे. रक्तात लोह कमी आहे, असं मी तिच्या बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मंग बोटीचा नांगर उगाळून पाजू का?"

*

नुसत्या लोहानं भागेना, म्हणून डॉक्टरांनी रक्तवाढीची इंजेक्शनं दिली. ती थंड ठेवायची, पण गोठू द्यायची नाहीत. आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही, फ्रिज असून नसल्यासारखा. हिराबाई म्हणाल्या, "बरफाची काय चिंता? आपला धंदाच बरफावर हाय."

इंजेक्शनांची डबी फडक्यात गुंडाळून मासळीच्या पेटीत एका कोपऱ्यात राहू लागली. एकदा एका गिऱ्हाइकानं विचारलंच, "ये डब्बे में क्या है? कैसा दिया?"

"वो बेचने का नहीं," हिराबाई म्हणाल्या. "पापलेट लो."

*

आणि एके दिवशी साडेदहा आलं. माझा विश्वास बसेना, मी तीनदा रंग जुळवला. साडेदहाच.

हिराबाई आनंदानं उठल्या आणि घेरी येऊन मटकन खाली बसल्या. म्हटलं, आलाच आहात तर तुमचंही बघू. त्यांचं निघालं आठ. पोरीच्या ताटाकडे बघता बघता बाईंचं स्वतःकडे लक्षच नव्हतं.

भारतीनं नळी हातात घेऊन आकडा नीट वाचला. मग कमरेवर हात ठेवून आईला म्हणाली, "आये, दहा झाल्याबिगर बाजारात जायचं न्हाय."