नानांची खडखडणारी काच

आमच्या चौघांत मोटारसायकलच्या काचेवरून जेवढे वाद झाले, तेवढे घरच्या वाटणीवरूनही झाले नसतील! नव्वदच्या दशकात आम्ही रोज नाशिकहून ओझरच्या कारखान्यात बाइकनं जायचो. थंडीत पुढं काच हवीच. ती कंपनीची ओरिजिनल घ्यायची की नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या दुकानातली लोकल, यावर आडगाव नाक्यावर चहा गार व्हायचा. मग किस्से साठणारच की!

कुलकर्ण्यानं पहिली ओरिजिनल बसवली. कौतुक एवढं, की वरचं प्लॅस्टिकच काढेना. "ओरखडे पडतील ना!" प्लॅस्टिकला फुगे आले, समोरचं दिसेना. मग हा पठ्ठ्या बाजूनं मान बाहेर काढून गाडी चालवायचा. काच सुरक्षित, पण सर्दी हटेना.

सटाण्याचे देवरेअप्पा लोकलवाले. गाडी उन्हात उभी केली की त्यांची काच वाकायची.

"अप्पा, हाई काच शे का पापड?" आम्ही त्यांच्याच अहिराणी बोलीत चिडवायचो.

"पापडच शे, पण मोठा शे!" अप्पा शांतपणे म्हणायचे.

एकदा वणीच्या देवीला जाताना फैसलाच करायचं ठरलं. अप्पा टोपी घालून आधी कुलकर्ण्याची गाडी चालवायला बसले. ओरिजिनल काच देखणी, पण बुटकी. समोरून ट्रक गेला आणि टोपी थेट द्राक्षाच्या बागेत! ती शोधून आणली आणि अप्पा आपल्या गाडीवर बसले. लोकल काचेमागं टोपी गडाच्या पायथ्यापर्यंत जागची हलली नाही. अप्पांनी देवीआधी काचेलाच हात जोडले, असं कुलकर्णी आजही सांगतो.

उरले नाना. त्यांची लोकल काच नट कितीही आवळा, खडखड वाजायचीच. मागं बसलेल्या मालतीवहिनी काहीतरी सांगत असायच्या आणि नाना नुसते "हूं, हूं" करत गाडी दामटायचे. "कंपनीच्या काचेत ही सोय नाही!" म्हणून आम्हाला डोळा मारायचे. वहिनींचा धपाटा पाठीत बसायचा, पण त्या हसायच्याही. फार गोड जोडपं.

मग वहिनींच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज मात्र गेल्यातच जमा. बोलल्या तरी कुजबुजल्यासारखं.

त्या बऱ्या झाल्यावर एका रविवारी नाना त्यांना घेऊन द्वारका चौकातल्या त्याच दुकानात आले. आम्ही तिथं होतोच.

"ओरिजिनल लाव," नाना दुकानदाराला म्हणाले. "न वाजणारी."

काच बसली, वहिनी मागं बसल्या, दोघं एक चक्कर मारून आले. नाना उतरले आणि रुमालानं काच पुसायला लागले. काच तर कोरी करकरीत होती.

"ऐकू आलं?" मी विचारलं.

"स्पष्ट."

"काय म्हणाल्या वहिनी?"

"हळू चालवा." नाना काच पुसतच राहिले. "लग्न झाल्यापासून हेच सांगतेय म्हणे!"