भाकरीला जागा नसलेली चूल

औरंगाबादच्या कॉलेजात जाणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच. फार शिकलो असे नाही. पहिल्या वर्षी एवढेच नीट कळले की गरम हवा वर जाते. निजामाच्या राज्यात तेही उर्दूतून शिकवलेले, त्यामुळे मराठीत सांगताना मी अडखळायचो. तरी दिवाळीच्या सुट्टीत गावी, करमाडला गेलो तो हे ज्ञान पाजळायचे ठरवूनच.

कारण आईचे डोळे. कपाशीच्या ओलसर पऱ्हाट्या आणि गोवऱ्या जाळून ती स्वयंपाक करायची. धुराने डोळे इतके सुजायचे की डाळीतला खडा तिला दिसत नसे. तो नेमका वडिलांच्या दाताखाली यायचा, आणि ते खड्याला सोडून आईवर चिडायचे.

दोन दिवस खपून मी नवी चूल घातली. जळण कमी लागावे म्हणून तोंड विटेएवढेच ठेवले. मागे भोक पाडले, बुड फोडलेली मडकी भिंतीला लागून एकावर एक रचली, चिखलाने लिंपली आणि माळवदाच्या सवण्यातून, म्हणजे छतातल्या उजेडाच्या भोकातून, बाहेर काढली. पोराने धूर पकडला, असे वडील गावभर सांगत फिरले. साहजिकच बघ्यांची दाटी झाली.

चूल पेटली. धूर निमूट मडक्यांतून वर गेला. डाळ लवकर शिजली, आणि आईचे डोळे कोरडे होते. मी कौतुकाची वाट पाहत उभा राहिलो, खोटे कशाला बोलू.

मग आईने भाकरी थापली, तव्यावर भाजली, आणि हातात धरून थांबली.

"आता ही कुठं उभी करू?"

तव्यावरून काढलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यांपुढे उभी केल्याशिवाय फुगत नाही. हे मी जन्मापासून पाहत आलो होतो. माझ्या चुलीचे निखारे पार आत, आणि त्या तोंडातून भाकरी काय, हातही जाईना.

शेजारची खाला हसू दाबत म्हणाली, "अरे बेटा, धुआँ नक्को बोले तो रोटी बी नक्को क्या?"

"कालेजात भातच देत असतील त्याला," वडील म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आई खुरपे घेऊन चुलीचे तोंड फोडायला बसली.

"माय, धूर मागं फिरंल."

"फिरू दे. डाळ-भाजी होईस्तोर दगडानं तोंड झाकते. भाकरीपुरता दगड काढते. तेवढं रडायची सवय हाय मला."

धूर अर्धाच गेला. आठवड्याभरात डोळ्यांची सूज उतरली, पण भाकरीच्या वेळी ते लाल व्हायचेच. पुढे आळीतल्या बायका चूल बघायला आल्या. दगड कधी लावायचा, किती सरकवायचा, हे आई त्यांना दाखवत होती. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो.

"पर चूल घातली कुणी?" एकीने विचारले.

"लेकरानं सुरुवात केली," आई म्हणाली.