घळीत अडकलेला पाय

माझी मोठी नणंद ठाण्यातल्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. निवृत्त झाल्यावर भटकायला तिला सोबत हवी असायची आणि घरात दुसरं कुणी तयार नसायचं. म्हणून त्या जानेवारीत आम्ही दोघीच शहापूरच्या पुढे, डोंगरातल्या एका नदीच्या घळीत उतरलो. मला दगडांचं काही वेड नव्हतं. डोंबिवलीच्या घरातून एक दिवस सुटका, एवढंच डोक्यात होतं.

घळ इतकी अरुंद, की हात पसरले तर दोन्हीकडच्या काळ्या कड्यांना लागावेत. वर आभाळाची बारीक पट्टी. पात्र कोरडं, नुसते घरंगळून आलेले धोंडे. त्यातल्या एकावर मी पाऊल टाकलं आणि तो कलंडला. डावा पाय बुटासकट दोन धोंड्यांच्या फटीत गेला.

"ओढू नकोस! आणखी घट्ट बसेल."

मोबाइलला रेंज नव्हती. ती म्हणाली, "गावातून माणसं आणते. दोन तास लागतील."

"ताई, मला एकटीला टाकून जाऊ नका." लग्नानंतरच्या वीस वर्षांत मी तिच्याकडे पहिल्यांदाच काही मागत होते.

ती थांबली. कलंडलेला धोंडा आणखी सरकू नये म्हणून त्याच्याखाली लहान दगड ठोकू लागली, आणि बोलत राहिली. "ती तांबडी पट्टी बघ. दोन लाव्ह्यांच्या मधली माती. वरून दुसरा लाव्हा आला आणि ती विटेसारखी भाजली."

कडे दोन्ही बाजूंनी जवळ येतायत असं वाटत होतं. माझा श्वास पुरेना.

"मला रडू येतंय."

"रड. पण बोटं हलवत राहा."

मग ती पालथी झोपली, फटीत खांद्यापर्यंत हात घातला आणि फळं कापायच्या सुरीने बुटाच्या नाड्या चाचपडत कापल्या. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी पाय सोलवटून बाहेर आला. बूट आतच राहिला. ती उठून बसली तेव्हा तिचा कोपर रक्ताळलेला होता.

"तुला आणायलाच नको होतं मी," ती म्हणाली.

तिच्या खांद्यावर भार टाकून लंगडत वर गावात पोचायला संध्याकाळ झाली. हाडाला चीर होती. सहा आठवडे प्लास्टर, आणि आमचं घर लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत तेवढी दिसायची. पहिला आठवडाभर नणंद आमच्याकडे राहिली. सकाळी चहा घेऊन माझ्या पलंगाशी बसायची.