गफारभाईंची नळदुर्ग–अणदूर रेल्वे

गफारभाईंना मी ओळखत होतो असं म्हणवत नाही. आमची दुकानं भिंतीला भिंत लागून, तरी त्यांचं मूळ गाव कोणतं हे मला ठाऊक नाही. ते कमी बोलत, मी त्याहून कमी. माझं पाट्या रंगवायचं दुकान, त्यांचं पत्र्याचं. हे लिहायला माझ्यापेक्षा लायक माणसं होती, पण ती आता राहिली नाहीत.

नळदुर्गात ते चाळण्या, नरसाळी करायचे. निजामाचं राज्य गेलं, पुढं एस.टी. आली आणि गफारभाईंना मोटारींचं वेड लागलं. सोलापूरहून त्यांनी जुना हातप्रेस आणला. साच्यावर पत्रा ठेवून दांडा फिरवला की मोटारीची एक बाजू उठून यायची. दोन बाजू कथलाचा डाख देऊन जोडल्या की खेळण्यातली मोटार तयार.

मोटारी जरा खपल्यावर त्यांनी रेल्वे काढली. आमच्या गावाला रेल्वे नाही. त्यांनी ती सोलापूरला एकदा, तीही गर्दीत पाहिलेली. म्हणून डब्यांना एस.टी.सारखी मागं शिडी आली, टपावर सामानाचा कठडा आला आणि पाटीही पाहिजे झाली. त्यांनी सांगितलं तसं मी रंगवलं: नळदुर्ग–अणदूर.

त्यांच्या बायकोनं, ताहेराबीनं, बजावलं होतं, "या जत्रंत गाड्या खपल्या न्हाईत तर प्रेस इकायचा. उमरग्याला माझ्या भावाच्या दुकानात पंक्चर काढत बसा."

आमचा खंडोबा वर्षातले थोडे दिवस नळदुर्गला, बाकी अणदूरला राहतो. पौषातल्या जत्रेला नळदुर्गात दोन्ही गावं लोटतात. अणदूरच्या शरणप्पांनी नातीसाठी गाडी उचलली, पाटी वाचली आणि खाली ठेवली.

"तुमचं गाव आधी का?"

"गाडी इथनं सुटती म्हणून," गफारभाई म्हणाले.

"देव तर आमच्याकडनं सुटतो."

मागच्या अणदूरकरांनीही हात आखडले. कुणीतरी म्हणालं, "रेल्वेला शिडी कशाला? ही तर एस.टी.च झाली." गफारभाई मांडलेल्या गाड्या आवरायला लागले. मला वाटलं, निघाले हे उमरग्याला.

ताहेराबीनं माझ्याकडं मान वळवली. "पेंटरसाब, पलीकडच्या अंगाला अणदूर आधी लिवा. गेलेली गाडी परत येती का न्हाय?"

मी दुकानातनं निळा रंग आणला आणि मांडी घालून तिथंच लिहीत बसलो. रंग ओला असतानाच शरणप्पांनी गाडी उचलली. त्यांचा अंगठा दिवसभर निळा होता. नळदुर्गकर एका बाजूनं बघून घेत, अणदूरकर दुसऱ्या. संध्याकाळी मेव्हण्याला निरोप गेला, पंक्चरला दुसरा माणूस बघ.

पुढं काही वर्षं भिंतीपलीकडं प्रेस वाजत राहिला. आमचं शेवटचं बोलणं दुकान बंद करताना झालं.

"लाल रंग हाय का?"

"आहे थोडा. कशाला?"

"इंजिनाला. सकाळी नेतो."

"न्या की. ब्रश धुऊन द्या मात्र."

"व्हय, देतो."