धरण सोडणार नाही

सतरा वर्षं मी इंजिनिअर रेजिमेंटमध्ये काढली. सॅपर म्हणून भरती झालो, हवालदार होऊन घरी आलो. सॅपरचं काम म्हणजे पूल बांधणं, सुरुंग काढणं आणि पूर आला की सिव्हिलियन लोकांच्या मदतीला जाणं. त्यातला एक पूर आधी सांगतो, मग गावचं.

पोस्टिंग आसामात होतं. आमचं सेक्शन नदीच्या मातीच्या बांधावर ड्यूटीला होतं. सकाळी सहा वीसला बांधाच्या पायथ्याशी जमिनीतून गढूळ पाणी उकळी आल्यासारखं वर येताना दिसलं. मी नवा होतो, अंगात मस्ती होती. दोन पोती भोकावर टाकली आणि वर उभा राहिलो. पाणी थांबलं. आमचे सेक्शन कमांडर नाईक तुकाराम ओरडत खाली आले.

"दाबू नको! गळा दाबलास तर ते दुसरीकडून फोडेल!"

मला दंडाला धरून त्यांनी बाजूला भिरकावलं. पोती ओढायला स्वतः वाकले आणि तेवढ्यात शेजारची कड त्यांच्यासकट खचली. वायरलेस सेटवर मी सांगितलं, "एक जवान मिसिंग, ओव्हर." नाव घ्यायला जीभ वळली नाही. टँकरच्या पाण्यावर वाढलेला माणदेशी माणूस पुरात गेला, आणि चूक माझी होती. त्यात नशिबाला मधे आणायचं कारण नाही.

आता गावचं. आमची खालची वाडी व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी आहे. व्हाळ पुढे खाडीला मिळतो. भरतीच्या वेळी खाडी व्हाळाचं पाणी घेत नाही, ते मागे फिरून वाडीत शिरतं. म्हणून वरच्या अंगाला मातीचं छोटं धरण बांधलं. भरतीला पाणी अडवायचं आणि ओहोटी लागली की दरवाजा उघडून सोडायचं, एवढंच त्याचं काम.

गेल्या श्रावणात तीन दिवस झोडपून पाऊस पडला. धरण काठोकाठ भरलं. चौथ्या दिवशी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी शेजारचा भास्कर धापा टाकत आला.

"शंकर, धरणाच्या बुडात पाणी फुटलासा."

"निवळ की गढूळ?"

"लाल. चायसारख्या."

लाल म्हणजे धरणाची माती वाहत होती. त्या दिवशी पूर्ण भरती अकरा चाळीसला होती. भरतीत धरण फुटलं असतं तर पाण्याला जायला वाट नव्हती. आमची वाडी छपरापर्यंत बुडाली असती. बायका, पोरं, म्हातारी, गुरं यांना शाळेत हलवलं. वाडीतल्याच एका बाईने फोन करून धरणाच्या सरकारी इंजिनिअर साहेबांना कळवलं.

मी धरणावर पोचलो तर चार गडी मोठा चिरा उचलून त्या भोकावर टाकायच्या बेतात होते. माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. चिरा बाजूला पडला.

"दाबूचा नाय! भोवती कडा करा. विहिरीसारखी. आत पाणी चढू दे, ता आपोआप नरम येतला."

विश्वास कोणाचाच बसला नाही, पण माझा आवाज परेड ग्राउंडचा होता. भास्करच्या घराचं बांधकाम चाललं होतं, तिथली वाळू खताच्या रिकाम्या पोत्यांत भरायला घेतली. वाडीतल्या सुमनवहिनीला स्टीलचं ताट देऊन वर धरणाच्या माथ्यावर सेन्ट्री ठेवलं. भेग दिसली की ताट वाजवायचं, आणि ताट वाजलं की हातातलं टाकून डावीकडच्या कातळावर पळायचं. आसामात आमच्यावर असा सेन्ट्री नव्हता.

नऊ पन्नासला साहेबांचा फोन आला.

"धरण सोडा. सगळे खाली या."

"वाडी रिकामी केलीय, साहेब. धरण सोडणार नाही."

"जबाबदारी कोण घेणार?"

"मी. आर्मी नंबर लिहून घ्या."

त्यांनी फोन ठेवला. नंबर सांगायचा राहूनच गेला.

माणसांची साखळी लावली खरी, पण पोतं पुढे सरकण्याऐवजी तोंडंच चालली होती. "एक, दो, एक" म्हणून पाहिलं, कोणाचे हात जुळेनात. शेवटी आमचे धोंडूआबा गावकार पुढे झाले. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा.

"तुझी ती हिंदी ऱ्हवांदे," म्हणाले, आणि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या पोत्याक पाय फुटांदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

साखळीच्या प्रत्येक 'व्हय म्हाराजा'ला पोतं एक माणूस पुढे सरकू लागलं. अशी ड्रिल मी सतरा वर्षांत पाहिली नव्हती.

दहा पन्नासला कडं कमरेइतकं झालं. आतलं पाणी चढलं, पण रंग लालच. भास्कर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "पावसाच्या तोंडाक हय पारय मारून कुर्ल्यो काढलेल्यो. मियाच."

"मागीर मारतंय तुका. आता पोता धर."

कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची, रुची माणसाला पहार घेऊन धरणही पोखरायला लावते, आम्हा मालवणी लोकांचं काय सांगावं!

अकरा वीसला ताट वाजलं. माथ्याला बोटभर भेग पडली होती. सगळे कातळावर पळाले. मी तिथेच उभा राहिलो. हे शौर्य नव्हतं, पाय हललेच नाहीत. समोर तीच माती, तेच पाणी. मनात म्हटलं, तुकाराम नाईक, आज मी दाबलं नाही. मग ओरडलो, "दोन थर अजून!" आणि एकट्यानेच पोतं उचललं. मागे वळून पाहिलं तर आबा कातळावरून उतरत होते, त्यांच्यामागे भास्कर, त्याच्यामागे सगळी साखळी. चुकार एकही नाही.

बारा पंचवीसला सुमनवहिनी वरून ओरडली, "पाणी निवळला रे!" कड्यातून पाणी वाहत होतं, पण स्वच्छ. माती येणं थांबलं होतं. दोन वाजता ओहोटीचा जोर लागला, दरवाजा उघडला, आणि संध्याकाळी वाडीत चुली पेटल्या.

पुढे साहेबांचा रिपोर्ट आला : 'गळती आपोआप थांबली.' धरणावर पाटीही लागली, 'प्रवेश निषिद्ध.' आम्ही जातो. यंदापासून दर पावसाआधी सगळी वाडी पाटीच्या पलीकडे जाऊन खेकड्यांची बिळं बुजवते. पहिलं घमेलं भास्करच्या डोक्यावर.

त्या संध्याकाळी आबांनी विचारलं होतं, "ह्या तुका कोणी शिकयल्यान?" मी पहिल्यांदाच सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. आबांनी तुकाराम नाईकांचं नाव तेवढं पुन्हा विचारून घेतलं.

यंदा बिळं बुजवून झाल्यावर त्यांनी धरणावर नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. गावच्या देवांची नावं घेऊन झाली, पूर्वजांची झाली. मग म्हणाले, "आणि आमचो नाईक तुकाराम, जो दूरच्या पाण्यात ऱ्हवलो, तेचो हात ह्या धरणावर असांदे रे म्हाराजा!"

मी सावधान उभा होतो. सगळी वाडी ओरडली, "व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.